पंचवीस दातांची किल्ली

मी एक जुनी किल्ली आहे. हसू नका मित्रांनो! मला चांगले पंचवीस दात आहेत, पण दाराच्या कुलपात मी जात नाही. मी बसते कम्प्युटरच्या पाठीत. आकार आगपेटीएवढा, रंग एके काळी पांढरा. मी जागेवर असेन तरच बंगाली अक्षरं जुळवायचा प्रोग्राम उघडायचा. मला काढलं की पडद्यावर एकच ओळ: 'किल्ली सापडली नाही.' काय रुबाब होता माझा!

ती अक्षरं मंदिरा पाकडाशींनी काढली होती. कलकत्त्यात, स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत बसून, चार वर्षं, एकेक जोडाक्षर हाताने. सगळे त्यांना मंदिरादी म्हणत. त्यांनी प्रोग्राम विकायला काढला आणि महिन्याभरात बैठकखाना नावाच्या गल्लीतल्या छापखान्यांतून त्याच्या नकला फिरू लागल्या. म्हणून त्यांनी मला परदेशातून मागवलं. मी काही स्वस्त नव्हते. माझी किंमत प्रोग्रामच्या किमतीत चढली. किंमत चढली तशी उरलीसुरली गिऱ्हाइकंही नकलेकडे वळली. आणि माझं कुलूप? ते दीड महिन्यात फुटलं. नकलेच्या सीडीतून मला विचारणारी ओळच कोणीतरी खोडून टाकली. माझ्याशी भांडलंसुद्धा नाही कोणी!

अख्ख्या गल्लीत मला विकत घेतलं एकट्या बिमलेंदु मैतींनी. आपल्या लहानशा छापखान्यातून ते एक छोटं मासिक काढत. समोरच्या छापखान्याचे हारूदा सीड्याही विकायचे. ते दारातूनच ओरडले, "बिमलदा, रसगुल्ले फुकट वाटतायत आणि तुम्ही हंडीचे पैसे मोजून आलात?"

"अक्षरं आभाळातून पडतात का रे?"

"माझी तर पडली! वीस रुपयांत सीडी!"

वर्षं गेली. वायर जरा हलली की मी अडून बसायची आणि बिमलदा टेबलाखाली ओणवे होऊन मला दाबत बसायचे. समोर हारूदांचं काम तोवर छापूनही व्हायचं. मला लाज वाटायची. पण अडवणं हेच माझं काम होतं ना.

मग मंदिरादींनी धंदा बंद केला आणि मुलांना चित्रकला शिकवू लागल्या. बिमलदांना त्यांनी सांगितलं, "आता ही बिघडली तर दुसरी नाही, दादा. जपा हं."

आणि त्यांनी मला जपलं! दर विश्वकर्मा पूजेला गल्लीतली सगळी यंत्रं धुऊनपुसून पुजतात. दरवर्षी मला फक्त शेंदराचं बोट लागायचं. त्या वर्षी बिमलदांनी मला बाहेर काढलं, गंगाजलाने आंघोळ घातली, दातादातांवर तूप-शेंदूर लावला आणि हात जोडून म्हणाले, "आई, एवढा पूजा-अंक निघू दे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला जागेवर बसवलं. आत कुठेतरी चर्र झालं.

'किल्ली सापडली नाही.'

अहो, मी तिथेच होते! पूजा-अंकाची, म्हणजे तुमच्या दिवाळी अंकासारख्या आमच्या दुर्गापूजेच्या अंकाची, दोनशे बारा पानं आत अडकली होती. महालयेच्या, म्हणजे सर्वपित्री अमावास्येच्या, आधी अंक निघाला नाही तर जाहिराती परत जाणार आणि मासिक कायमचं बंद. हातात नऊ दिवस.

मंदिरादी धावत आल्या. त्यांनी मला उघडलं, नाकाशी धरलं.

"तूप?"

"घरचं होतं, दीदी," बिमलदा खाली मान घालून म्हणाले.

मंदिरादी हसल्या. मग हसायच्या थांबल्या: माझ्याविना उघडणारा प्रोग्राम आता त्यांच्याजवळही नव्हता. मला मिटून त्यांनी टेबलावर ठेवलं आणि गल्ली ओलांडून थेट समोर गेल्या. बिमलदा त्यांच्यामागे.

"हारूदा, ती सीडी द्या."

"कुठली, दीदी?"

"माझी."

हारूदांचा चेहरा उतरला. "छे, छे, तुमच्याकडून कसले पैसे घ्यायचे!"

"घ्या ना. मीही घेत होते." वीस रुपये काउंटरवर ठेवून त्या परत आल्या.

सीडी घातली. पानं क्षणात उघडली. मला कोणी विचारलंच नाही.

अंक वेळेवर निघाला. शेवटच्या पानावर बिमलदांनी छापलं: 'अक्षरं: मंदिरा पाकडाशी.' हे नाव पहिल्यांदा छापून आलं, तेही चोरीच्या नकलेतून.

मित्रांनो, मी आता बिमलदांच्या छापखान्यात, विश्वकर्म्याच्या तसबिरीपाशी असते. रोज एक फूल मिळतं. मला ते टोचतं. आयुष्यभरात मी एकाही चोराला अडवलं नाही. अडवलं ते एकाच माणसाला, ज्याने पैसे दिले होते. तुम्ही कोणाचं गाणं, चित्र, अक्षर वापराल तेव्हा ते करणारं माणूस कोण, एवढं तरी विचारा. आणि जपायचंच असेल तर त्या माणसाला जपा. कुलपांना फुलं वाहून काय होणार?

मंदिरादी चित्रांची पिशवी घेऊन अजून या गल्लीतून जातात. पाट्या, पत्रिका, पुस्तकं, सगळी गल्ली त्यांच्याच अक्षरांत बोलते. "दीदी, चहा घेता?" असं विचारायला उठतात ते मात्र एकटे बिमलदा.