गळ्यातली हिरवी चिठ्ठी

आमच्या दवाखान्यात डॉक्टरसुद्धा माझ्यासारख्या जुन्या नर्सच्या तोंडी लागत नाहीत, म्हणून मोठ्या अपघाताच्या वेळी जखमींच्या गळ्यात अडकवायच्या रंगीत चिठ्ठ्या माझ्याच हातात देतात. त्या दुपारी कारखान्याचं छप्पर कोसळलं आणि साठ-सत्तर जखमी एकदम आमच्या आवारात आले. लाल चिठ्ठी म्हणजे आत्ताच्या आत्ता आत घ्या. पिवळी म्हणजे थोडं थांबेल. हिरवी म्हणजे चालता येतंय, भिंतीकडे जाऊन बसा. काळी म्हणजे वाचण्यापलीकडचा, तिचं काय सांगू? एका माणसापाशी अर्धं मिनिट, बस्स. पट्टी बांधायची नाही, धीर देत बसायचं नाही.

पाच-सहा जण झाले आणि समोर माझाच धाकटा भाऊ. गुंड्या. स्वतःच्या पायांनी चालत आलेला, कपाळ खरचटलेलं, आणि तोंड नेहमीसारखं सुरू. "ताई, आजची पाळी लवकर सुटली बघ!"

"गप बस, मेल्या," म्हणत मी त्याच्या गळ्यात हिरवी अडकवली आणि भिंतीकडे पिटाळलं. जीव भांड्यात पडला माझा, खोटं कशाला बोलू!

हिरवीवाल्यांना दर पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, असा नियम आहे. आतला मार वरून दिसत नाही. मी पहिल्या फेरीला निघाले, तर एक बाई मोठ्याने म्हणाली, "आता बघा, आधी भावाकडेच जातील." तिचा नवरा पिवळी घेऊन ताटकळत पडला होता, बिचारीचा काय दोष? पण माझं डोकं फिरलं. मी भिंतीकडच्या एकेकाची नाडी पाहिली, पोट दाबून पाहिलं, आणि गुंड्याला सोडून पुढे गेले. म्हटलं, बोलून दाखवा आता!

दुसऱ्या फेरीला त्याने माझा हात धरला. "ताई, जरा पोटात..."

"सगळ्यांनाच कुठे ना कुठे दुखतंय," मी हात सोडवून घेतला. तिसऱ्या फेरीला त्याने हाकही मारली नाही. मला बरंच वाटलं, शहाणा झाला म्हणून.

फाटकाबाहेर भावजय उभी होती. तिथूनच ओरडली, "ताई, यांना बघितलंत ना?"

"बघितलं गं!" मी म्हणाले.

शेवटी रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर आला. त्याच्याशी माझं रोज वाजतं. तो हळूच म्हणाला, "सिस्टर, तुमचा तो बडबड्या मघापासून गप्प आहे."

मी धावले. अंग गार, घामाने निथळलेलं, नाडी बोटांना लागेना. हिरवी ओरबाडून काढली आणि लाल अडकवताना दोरा दोनदा हातातून सुटला.

पोटात प्लीहा फाटली होती. ऑपरेशन झालं, रक्ताच्या चार बाटल्या लागल्या, वाचला.

दुसऱ्या दिवशी भावजय त्याच्या खाटेशेजारी बसली होती. मला पाहून तिने माझे दोन्ही हात घट्ट धरले. "ताई, तुम्ही होतात म्हणून माझं घर राहिलं."

गप्प राहता आलं असतं. ड्रायव्हर चुगली करणाऱ्यांतला नव्हता. पण माझे हात तिच्या हातात होते.

"मी नव्हतं बघितलं," मी म्हणाले. "तीन फेऱ्या मारल्या. तिन्ही वेळा त्याला सोडून पुढे गेले. लोक बोलतील म्हणून."

तिने हात काढून घेतले. "त्यांनी सांगितलं नाही दुखतंय म्हणून?"

"सांगितलं. मी ऐकलं नाही."

ती उठली, खिडकीशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. तिने मला चार शिव्या हासडल्या असत्या तर मी आनंदाने घेतल्या असत्या. गुंड्या औषधाच्या गुंगीत घोरत होता. मी निघायला वळले.

"कुठे चाललात?" ती म्हणाली. डोळे लाल, आवाज कोरडा. तिने खाटेशेजारचं स्टूल माझ्याकडे सरकवलं. "आता बघा त्यांना. माझ्यासमोर बघा. नीट."

मी बसले आणि माझ्या भावाची नाडी धरली.