कोपऱ्यातली

सून टीव्हीसमोर बसायची आणि टीव्ही सोडून सासूचं तोंड बघायची. गेले आठ दिवस हेच चाललं होतं. पडद्यावर एका बाईच्या मानेवर मागून कुणीतरी फुंकर घालतंय, तिच्या जिवाचं पाणी झालंय, आणि ही आपली मान वळवून इकडे बघत बसलेली.

"माझ्या तोंडावर काही छापून आलंय का?" टेलरबाई कडाडल्या. "टीव्ही तिकडे आहे."

"बघतेच आहे की, आई."

"बघतेस डोंबल!"

दुपारी दोन ते चार खालचं शिवणाचं दुकान बंद असायचं. तेवढ्या वेळात दोघी वरच्या खोलीत यायच्या, खिडकीचा पडदा ओढायच्या आणि भुताखेतांचं नाहीतर राजाराणी-राक्षसांचं काहीतरी लावायच्या. मुलगा लांबच्या गाडीवर ड्रायव्हर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. घरात या दोघीच. नवरा गेल्यावर टेलरबाईंनी हे दुकान एकटीच्या जिवावर ओढलं होतं. शाळा तिसरीतच सुटलेली, पण मापात कधी अर्ध्या सुताची चूक नाही. मशीन सुनेच्या हाती दिलं होतं, कात्री मात्र अजून कुणाला शिवू दिली नव्हती.

सिनेमालाही त्या मापाची टेपच लावायच्या. "राज्य म्हणे हजार वर्षांपूर्वीचं, आणि राणीच्या झग्याला मशीनची शिवण! एवढा तो ड्रॅगन आग ओकतो, हिची बाही साधी करपत नाही." भुतांबद्दलही त्यांची मतं पक्की होती. "आधीची भुतं इमानी होती. दार करकरायचं, दिवा जायचा, मग यायची. माणसाला पाय पोटाशी घ्यायला वेळ मिळायचा. हल्लीची मेली चोरासारखी कोपऱ्यात उभी राहतात. आणि सगळा सिनेमा अंधारात! एक दिवा लावायला काय होतं यांना?"

अंधाराचं गाऱ्हाणं नवीन होतं. शिवणींबद्दल मात्र गेल्या महिनाभरात त्या अवाक्षर बोलल्या नव्हत्या.

खरं काय ते त्यांना आठ दिवसांपूर्वी कळलं. सून किंचाळली, "आई, कोपऱ्यात!" आणि तिनं उशी तोंडावर घेतली. टेलरबाईंनी बघितलं. मधोमध नटीचा चेहरा होता. चेहऱ्याच्या भोवती कुणी काजळी फासल्यासारखं झालं होतं. कोपरा नव्हताच.

"हो गं बाई," त्या म्हणाल्या. सिनेमात एकाच बिचारीला भूत दिसतं आणि बाकीचं घर तिला वेड्यात काढतं. इथे उलटंच होतं. सगळ्यांना दिसतंय आणि आपल्याला नाही.

मग स्वयंपाकघरात नळाकडे बघत त्यांनी आपलाच हात बाजूनं पुढे पुढे आणला. गालाला लागेपर्यंत तो दिसलाच नाही.

त्यांची एक आत्या अशीच गेली होती, कडेकडेनं आंधळी होत. लहानपणी टेलरबाई तिच्या खाटेशेजारी श्वास रोखून उभ्या राहायच्या. आत्या मान वर करायची. "कोण आहे तिथं?" त्या उत्तर द्यायच्या नाहीत. "अरे, कोण आहे?" तरीही नाही. म्हातारीचा आवाज कापायला लागला की हसू दाबत पळायचं. तेव्हा गंमत वाटायची. आता दळण दळल्यासारखा तोच प्रश्न डोक्यात फिरायचा.

सिनेमा नको म्हणायची सोय नव्हती, कारण सून का म्हणून विचारणार. म्हणून त्या सुनेच्या किंकाळीवर घाबरायला शिकल्या. ती ओरडली की एक श्वास सोडायचा आणि मग आपण ओरडायचं.

आजही सिनेमातली बाई जिना चढून रिकाम्या खोलीत आली. वाजंत्री थांबली. आणि सून एकदम ओरडली, "आई गं! ती बघा, खिडकीपाशी!"

"अगं बाई!" टेलरबाईंनी छातीवर हात मारला. "काय ते केस! आणि डोळे तर बघ मेलीचे!"

चित्र थांबलं. सुनेच्या हातात रिमोट होता.

"आई," ती म्हणाली. "तिथे कुणी नाहीये. नुसती भिंत आहे."



"मला फसवलंस?"

"विचारलं असतं तर सांगितलं असतं तुम्ही? गेल्या आठवड्यातल्या कोटाची बाही दोन बोटं आत कापलीत. मी दुसरं कापड लावलं, बोलले नाही. म्हटलं, खात्री करू. आणि आज सकाळी कात्री चालवत होतात ना, मी तुमच्या डाव्या हाताला उभी होते. कितीतरी वेळ."

टेलरबाईंच्या मानेवरचे केस ताठ झाले. "हाक का नाही मारलीस?"

"बघत होते, तुम्हाला कधी कळतंय ते."

"आणि?"

"नाही कळलं."

टेलरबाईंनी खुर्चीचे हात घट्ट धरले. मग त्यांनी पूर्ण मान वळवली, सुनेचा चेहरा बरोबर मधोमध येईपर्यंत.

"कात्री काढून घेणार माझ्याकडून?"

सुनेनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. ओठ हलले. शब्द फुटला नाही. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. रिमोट धरलेला हात मांडीवर थरथरत होता. टेलरबाईंना तो दिसत नव्हता, पण बटणांवर नख टकटक वाजत होतं.

त्यांनी हात पुढे केला, चाचपडला, आणि तो रिमोट काढून घेऊन बाजूला ठेवला.

"आज चारला दुकान उघडायचं नाही," त्या म्हणाल्या. "डॉक्टरकडे जायचंय. उभ्या जन्मात कामाच्या दिवशी बंद ठेवलं नव्हतं, लोक विचारतील. सांग, सासूची लहर. आणि तू. एक नंबरची लबाड आहेस. पण चूक माझीच. इतके दिवस तुझ्या किंकाळ्यांवर विश्वास ठेवला. तू खरी घाबरलीस ना, की तुझा आवाजच जातो, बाई. आत्ता गेलाय तसा."