साहेबांच्या शुभहस्ते बेस

अमरसिंह साहेबांच्या वाढदिवसाला माजलगावच्या मंगल कार्यालयात गाण्यांचा कार्यक्रम होता आणि त्यात मला गिटारवर एक धून वाजवायची होती. साहेबांचं मला काही कौतुक नव्हतं. पहिल्या रांगेत ऑर्केस्ट्रावाले शिवशंकरकाका बसणार होते आणि त्यांना लग्नसराईच्या आत नवा गिटारवाला हवा होता. "तेजश्री, हात बरा हाय तुजा," ते आधीच म्हणाले होते, "पन आवाज पत्र्याच्या डब्यावानी येतो. भरदार काढून दाव, जागा तुजी."

म्हणून दुपारपासून मी ॲम्प्लिफायरसमोर मांडी घालून बसले. बारीक आवाजाचं ट्रेबलचं बटण तीनवर आणलं, खर्जाचं म्हणजे बेसचं सातवर, मधल्या आवाजाचं मिड पाचवर. गेन निम्म्याच्या खाली, कारण तो वाढला की जाड तारा नुसत्या गुरगुरतात. ॲम्प्लिफायर मागच्या भिंतीला सरकवला, तसा खर्ज आणखी भरला. चारच्या सुमाराला तार छेडली आणि आवाज थेट छातीत लागला. बारावीच्या निकालानंही मला एवढा आनंद झाला नव्हता.

संध्याकाळी समई पेटेना. कूलरच्या तोंडाशी ठेवलेली समई पेटणार कशी? पण कूलर साहेबांसाठी लावलेला, तो हलवायची छाती कुणाची! निवेदक लखननं डोकं लढवलं. "आज उद्घाटन नव्या पद्धतीनं," तो माइकवर गरजला, "साहेबांच्या शुभहस्ते या यंत्राचं बटण फिरवून!"

साहेबांनी फोटोवाल्याकडे बघत बेस पार दहापर्यंत नेला. टाळ्या पडल्या. आता सरपंच हरिबा रुसतील म्हणून त्यांना ट्रेबल दिलं, सोसायटीच्या चेअरमनला मिड, साहेबांच्या मेव्हण्याला गेन. प्रत्येकानं आपलं बटण शेवटापर्यंत पिळलं. मध्येच थांबलो तर आपली पत कमी दिसेल, ही प्रत्येकाला धास्ती. बटणं संपली तरी दोन पाहुणे उरले, तेव्हा एकाकडून स्विच बंद करवला आणि दुसऱ्याकडून चालू.

ॲम्प्लिफायर किंचाळला. बायकांनी पोरांचे कान झाकले. मी वाकून बेसला हात घातला तसा लखन कानाशी खेकसला, "डोकं फिरलं का तुजं? साहेबांनी वाढवलेलं चारचौघांत कमी करतीस?"

केलं. चारही बटणं जागेवर आणली. साहेब हसत होते, पण नुसत्या दातांनी. मग मी वाजवलं, आणि सांगायला लाज कसली, झकास वाजवलं. मागच्या खुर्च्यांवरची बडबड थांबली. शिवशंकरकाकांनी डोळे मिटले होते.

कार्यक्रम संपल्यावर ते बाहेर भेटले. "लई भारी, पोरी. आसा आवाज वीस वर्सांत ऐकला न्हाई."

"मग कधीपासून येऊ?"

त्यांनी साहेबांच्या गाडीकडे पाहिलं. "निम्म्या सुपाऱ्या त्यांच्याच वळखीनं येत्यात. तुला घेतलं तर त्या गेल्या. मला बी पोट हाय."

मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. जागा मेव्हण्याच्या पोराला मिळाली. त्याला धड एक धून येत नाही, म्हणून त्याच्या गिटारची वायर काका कशालाच जोडत नाहीत. परवा एका लग्नात साहेबांनी त्याला स्टेजवर बोलावून शाल घातली. काय भरदार वाजवतो म्हणाले.