सव्वा तासाची दोन मिनिटं

मी बोलतेय. हसू नका. वाचनालयाच्या भिंतीवर 'शांतता राखा' असं लिहिलेली जी पाटी असते ना, ती मी. एकोणसाठ वर्षं तोंड मिटून काढली. आता बोलले नाही तर उभी तडकेन.

मूळची मी शाळेच्या बाकाची फळी. बाक मोडलं, सुताराने मला उचकटून रंधा मारला, रंगाऱ्याने पांढऱ्यावर काळी अक्षरं काढली. म्हणजे माझी शाळा अर्धीच सुटली. त्याचं मला काही वाटत नाही. बाकात राहून शिकले नसते ते सगळं भिंतीवर लटकून शिकले.

मला इथे आणलं नव्या ग्रंथपाल बाईंनी. वय पंचवीस, कानामागे पेन्सिल. त्यांची पद्धत जगावेगळी. कुणी बोललं की त्या 'शू' करायच्या नाहीत, डोळे वटारायच्या नाहीत. पेन्सिलीने टेबलावर दोनदा टकटक, आणि माझ्याकडे बोट. वर्षभरात बोटाचीही गरज उरली नाही. टकटक ऐकली की शिंकणारा माणूस अर्ध्यात शिंक गिळायचा.

दुसरा नियम घंटेचा. शांतता सुटायची ती फक्त संध्याकाळी सात वाजता, शिपाईमामांनी पितळी घंटा वाजवली की. आधी नाही, नंतर नाही. एकदा मागच्या खोलीत रद्दीने पेट घेतला. मामांनी घंटेला हात लावला नाही. टेबलाटेबलावर चिठ्ठी फिरवली, 'आग लागली आहे, कृपया खुर्च्या न सरकवता उठावे.' आणि लोक तसे उठले.

अशा ठिकाणी एक तरुण पुढारी भाषण पाठ करायला आला. ओठातल्या ओठात पुटपुटत होता. टकटक. तो गप्प झाला. जन्मात पहिल्यांदाच गप्प झाला होता, त्यामुळे आपल्याला काय होतंय हे त्याला कळेना. छाती धडधडतेय, कान तापलेत. त्याला वाटलं, हेच प्रेम. तीन महिन्यांत लग्न. बाईंना तो का आवडला हे मला अजून उमगलेलं नाही. टकटकीने थांबतो म्हणजे सुधारेल, असं वाटलं असावं. भरपूर वाचलेली माणसंही असल्या चुका करतात.

पुढे तो मंत्री झाला, म्हणजे आपले साहेब. त्यांनी तीन खाती सांभाळली. तिसरं नेमकं कशाचं होतं ते त्यांना शेवटपर्यंत सांगता आलं नाही, पण त्यावर ते दीड तास बोलायचे. बाई मात्र रोज चालत कामाला यायच्या. सरकारी गाडीचा भोंगा त्यांना सहन व्हायचा नाही. साहेबांच्या भाषणांचे अकरा खंड निघाले. बाईंनी त्यांची रीतसर नोंद केली, पाठीवर क्रमांक चिकटवले आणि ते कथा-कादंबऱ्यांच्या कपाटात लावले. ते खंड एकदाच कामी आले, छताला पंखा बसवताना मामांचं स्टूल पुरेना तेव्हा.

बंगल्यातही तीच पेन्सिल चालायची. हे मला त्यांच्या लेकीकडून कळलं. ती शाळा सुटली की माझ्याखाली येऊन बसायची आणि मामांशी चिठ्ठ्यांवर गप्पा मारायची. एका चिठ्ठीवर तिने लिहिलं होतं, 'आई मला कधीच रागवत नाही. फक्त टकटक करते. रागवली तर बरं होईल.' मामांनी खाली लिहिलं, 'अभ्यास कर.' मोठ्या माणसांना उत्तर सुचलं नाही की ती अभ्यासावर येतात.

आता सगळे म्हणतात, बाई थोर होत्या. होत्या. पण मी भिंतीवर होते, मला सगळं दिसायचं. साहेबांनी एका कारकुनावर आपली चूक ढकलली आणि त्याला कायमचं घरी बसवलं. त्याची बायको इथे आली. बाईंच्या टेबलापाशी उभी राहून म्हणाली, "बाई, तुम्ही साहेबांना एक शब्द बोला हो." आणि रडायला लागली.

बाईंनी पेन्सिल उचलली. टकटक. आणि माझ्याकडे बघितलं.

ती बायको तोंडावर हात दाबून निघून गेली. लेक तेव्हा सोळा वर्षांची, माझ्याखालीच बसली होती. तिने पुस्तकातून मान वर काढली नाही, पण त्यानंतर तासभर पानही उलटलं नाही. मला मात्र भिंतीवरून सुटून खाली आपटावंसं वाटलं. माझ्यावर जे लिहिलंय ते वाचणाऱ्यांसाठी आहे. रडणाऱ्यांसाठी नाही.

बाई निवृत्त झाल्या तरी रोज यायच्या, माझ्याखालच्या खुर्चीत वाचत बसायच्या. चौऱ्याऐंशीव्या वर्षी अंथरूण धरलं. पुढचं लेकीने मामांना चिठ्ठीवर लिहिलं, ते मी वरून वाचलं. उशाशी बसून साहेब पाहुण्यांना आपल्या दुसऱ्या खात्याची हकिगत सांगत होते. बाईंनी पेन्सिल उचलून औषधाच्या बाटलीवर दोनदा वाजवली. साहेब थांबले. त्या शांततेत बाई गेल्या. उशीखाली एक नोंदीचं कार्ड निघालं. 'माझ्यावर भाषण नको. वाचनालय वेळेवर उघडा, वेळेवर बंद करा.'

साहेबांनी ते कार्ड वाचलं, डोळे पुसले आणि चाळीस पानांचं भाषण लिहिलं. त्याची सुरुवातच अशी होती की तिला भाषण नको होतं, आणि याच गोष्टीवर मी जरा सविस्तर बोलणार आहे.

खरी मेख चाळिसाव्या पानावर होती. पुस्तकं तळघरात हलवायची आणि या खोलीचं बाईंच्या नावाने सभागृह करायचं, जिथे वर्षभर व्याख्यानं होतील. वाचनालयाच्या समितीतल्या म्हाताऱ्यांनी आधीच माना डोलावल्या होत्या. तळघरात गुडघाभर ओल आहे हे त्यांना ठाऊक होतं, पण सभागृहाच्या दारावर समितीचीही नावं कोरणार होते. समितीचा नियम असा, की सभेत जाहीर झालं आणि कुणी हरकत घेतली नाही, तर ठराव मंजूर. इथे हरकत कोण घेणार? माझ्याखाली एकोणसाठ वर्षांत कुणी मोठ्याने नावसुद्धा सांगितलं नव्हतं.

शोकसभा इथेच ठरली. फोटो काढताना मी मागे दिसेन म्हणून साहेबांनी सकाळी मला काढायला सांगितलं. एका माणसाने माझा डावा खिळा उपटला. उजवा गंजलेला, निघेना. तेवढ्यात खुर्च्या आल्या आणि मी तशीच एका खिळ्यावर तिरकी लोंबत राहिले.

पावणेसहाला सभा भरली. साहेबांना उकडत होतं म्हणून पंखा जोरात लावला. बाईंच्या फोटोसमोर फुलं आणि त्यांची पेन्सिल. साहेब उभे राहिले. "आधी दोन मिनिटं शांतता पाळू. मामा, दोन मिनिटं झाली की घंटा वाजवा."

मामांनी मान हलवली. मामांची मान गेली सहा वर्षं आपोआप हलते.

दोन मिनिटं झाली. मामांनी घड्याळ पाहिलं. सातला अवकाश होता. पाच मिनिटं झाली. घंटा नाही, म्हणून कुणी हलेना. साहेब खाकरले, पहिलं पान उघडलं, तोंड उघडलं. पंख्याच्या वाऱ्याने मी भिंतीवर आपटले. टकटक.

साहेबांचं तोंड मिटलं. त्यांना ते मिटायचं नव्हतं, पण सत्तावन्न वर्षांच्या संसाराची सवय. त्यांनी तीनदा प्रयत्न केला. तीनदा टकटक. माझ्याकडे बघायची कुणाची छाती झाली नाही.

वीस मिनिटांनी एकाने हळूच कपाटातलं पुस्तक काढलं. मग दुसऱ्याने. समितीचे अध्यक्ष वीस वर्षं अध्यक्ष आहेत. त्यांनी खुणेने मामांना विचारलं, पुस्तक घ्यायला काय करावं लागतं. साडेसहाला सगळी शोकसभा वाचत बसली होती. मला वाटतं, बाईंना एवढी मोठी श्रद्धांजली उभ्या हयातीत मिळाली नव्हती.

साहेबांना करण्यासारखं काही उरलं नाही म्हणून ते आपलंच भाषण वाचू लागले. मनातल्या मनात. वाचता वाचता त्यांचा चेहरा उतरला. बाईंवरच्या चाळीस पानांत बाई सापडेनात. जिकडेतिकडे 'मी'. त्यांनी फोटोसमोरची पेन्सिल उचलली आणि खोडायला सुरुवात केली. सातपर्यंत एकोणचाळीस पानं खोडून झाली. शेवटचं मात्र नाही खोडलं. म्हातारी माणसं पश्चात्तापही हिशेबाने करतात.

मामांनी रोजच्याप्रमाणे आधी पंखा बंद केला, मग घंटा वाजवली. लोक उठायला लागले.

"थांबा, एकच घोषणा," साहेब म्हणाले, आणि चाळिसावं पान वाचून दाखवलं. "कुणाची हरकत नाही, असं धरतो."

"बाबा, माझी आहे."

लेक उभी होती. तिचेही केस आता पिकलेत. आवाज खोलीच्या टोकापर्यंत पोचत होता. "पुस्तकं तळघरात जाणार नाहीत. आईने भाषण नको म्हटलं होतं, ते तुम्हाला आठ दिवस पाळता आलं नाही. आणि तो कारकून आठवतो का, बाबा? त्याची बायको इथेच रडली होती. आई गप्प बसली, मीही बसले. आता नाही बसणार."

साहेबांनी वर माझ्याकडे पाहिलं. टकटक होईल, लेक गप्प होईल, म्हणून वाट पाहत राहिले. सगळेच पाहत होते.

पंखा बंद होता हे खरं. पण चालू असता तरी मी हलले नसते. गंजलेला का होईना, घट्ट धरायला एक खिळा माझ्याकडे होता.

शेवटी साहेबांनी पेन्सिल मामांच्या हातात दिली, चाळिसावं पान घडी करून खिशात घातलं आणि बारीक आवाजात विचारलं, "मामा, उद्या किती वाजता उघडतं?"

"नऊला, साहेब. वेळेवर."

मी अजून तशीच तिरकी आहे. येणारा जाणारा म्हणतो, पाटी सरळ करा. तुमच्या पाया पडते, करू नका. वाचणाऱ्यांसाठी मी शांतता राखीन, ते माझं काम आहे. पण कुणी रडत आलं, कुणी हरकत घ्यायला उभं राहिलं, तर माझ्याकडे बघू नका. त्यांच्याकडे बघा.