चार सेकंदांची हाक

दादाने बनवलेल्या गेममधला तपकिरी फर सील पोटावर घसरत चालतो. खरा सील तसा चालत नाही, हे मला नोकरीच्या दुसऱ्याच दिवशी कळलं, तेही जीव मुठीत धरून पळताना.

मी परदेशात काम करते, तिथल्या किनाऱ्यावरच्या खडकांवर सीलांची मोठी वसाहत आहे. तिथली पिल्लं मोजायची, आजारी कोण ते पाहायचं, हे माझं काम. त्या दिवशी मी एका दांडग्या नराच्या वाटेत बिनधास्त उभी होते. घसरत येणारा प्राणी येऊन येऊन किती जोरात येणार? लहानपणी हजार वेळा त्याला स्क्रीनवर घसरताना पाहिलं होतं. पठ्ठ्याने मागचे पाय पुढे वळवून अंगाखाली घेतले, चारही पायांवर उभा राहिला आणि माझ्यामागे लागला. आमच्या वरिष्ठ बाईंना आम्ही मोजणीबाई म्हणतो. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. सीलांबद्दलचं हे ज्ञान कुठे मिळवलं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, घरी.

दादाचा तरी काय दोष! गेम बनवला तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता, मी अकराची. घरात प्राण्यांचं एकच पुस्तक आणि त्यात सीलचं एकच चित्र, तेही खडकावर बसलेलं. बसलेल्या प्राण्याची चाल चित्रावरून कशी कळणार? मागच्या खोलीत बाबा शिवणयंत्रं दुरुस्त करायचे, आणि त्याच खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात दादाचा कॉम्प्युटर. एकाच्या तेलाचे डाग दुसऱ्याच्या कागदांवर, यावरून रोजची कुरबुर. तरी खोली बदलायचं नाव दोघांनीही कधी काढलं नाही.

गेमचे आवाज आम्ही घरातच केले. लाटा म्हणजे परातीत फिरवलेले तांदूळ. सीलच्या आवाजाला मात्र काही सुचेना. पुस्तकात एवढंच लिहिलं होतं की समुद्रातून परतलेली आई पिल्लाला हाका मारते. बाबा यंत्रातून डोकं वर काढून म्हणाले, मी मारतो. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून त्यांना रजईखाली बसवलं. टेपचं बटण दाबायचा मान माझा. आई काय म्हणत असेल, असं त्यांनी रजईतून विचारलं. दादा म्हणाला, काय म्हणणार, घरी ये म्हणत असेल. मग बाबांनी संध्याकाळी आम्हाला खेळातून बोलवायला मारत तशीच लांबलचक हाक मारली, फक्त शब्दांशिवाय, आणि शेवटी थोडी थरथर स्वतःच्या पदरची घातली. स्वयंपाकघरातून आई धावत आली, कुणाला काय झालं म्हणून. आम्ही तिघं लोळून लोळून हसलो. इतकं सुख पुन्हा त्या खोलीत मावलं असेल असं मला वाटत नाही.

त्यातले चार सेकंद दादाने गेममध्ये घातले. टेपवरच्या उरलेल्या हाकेवर आम्ही शिवणयंत्राची मोटर भरली, कारण बोटीचा आवाज हवा होता. बाबांना जाऊन आता सहा वर्षं झाली. त्यांचे फोटो खंडीभर आहेत. आवाज तेवढाच, चार सेकंद. घरात दिवसभर ऐकू येणारा आवाज साठवून ठेवायचं कुणाच्या डोक्यात येतं?

गेल्या महिन्यात दादाचा फोन आला. एक मोठी कंपनी त्याचा गेम नव्याने करतेय आणि कामावर त्यालाच घेतलंय. आता सगळं खरंखुरं हवं. सीलची चाल सुधारणार, कान सुधारणार. तू तिथेच आहेस तर खऱ्या मादीची हाक रेकॉर्ड करून पाठव, असं त्याने अगदी सहज सांगितलं.

माझं डोकंच फिरलं. चाल बदल, कान बदल, हवं तर शेपूट लाव, पण हाकेला हात लावायचा नाही, असं मी त्याला सुनावलं. तो म्हणाला, लोक हसतात, कुणी माणूस ओरडतोय हे शेंबड्या पोरालाही कळतं. मी म्हटलं, हसू देत. तरी तो ऐकेना तेव्हा मी बोलू नये ते बोलले.

"तुला बाबा नकोच आहेत."



"सहा वर्षं मी माझा गेम उघडलेला नाही," तो म्हणाला. "आता रोज आठ तास तोच उघडून बसायचंय. दर पाच मिनिटांनी बाबा हाक मारणार आणि मी सीलचे केस रंगवत बसणार. मला नाही जमायचं."

हे मला माहीतच नव्हतं. मी फोन ठेवून दिला. चूक कबूल करायला मला एरवी एक दिवस लागतो, या वेळी नऊ लागले.

दहाव्या दिवशी सकाळी रेकॉर्डर घेऊन खडकांवर गेले. समोर तीनशे काळी पिल्लं एकमेकांवर रेलून पडलेली, आया समुद्रात मासे पकडायला गेलेल्या. तिथे मी एक आगाऊपणा केला. वसाहतीत बाहेरचा कुठलाही आवाज वाजवायचा नाही, हा आमच्या कामातला पहिला नियम. मोजणीबाईंनी पाहिलं असतं तर सामानासकट घरी धाडलं असतं. मी फोनवर बाबांची हाक लावली. एका जरी पिल्लाने मान वर केली, तर दादाला छातीठोकपणे सांगता आलं असतं की हाक खरी आहे, राहू दे. तीनदा लावली. कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. एकाने जांभई दिली.

तेवढ्यात एक मादी पाण्यातून वर आली आणि तिने हाक मारली. घोगरी, रांगडी, बाबांच्या हाकेशी काही नातं नसलेली. ढिगाच्या तळातून एक पिल्लू धडपडत निघालं, पडलं, उठलं, ओरडत तिच्याकडे गेलं. बाकीची दोनशे नव्व्याण्णव जागची हलली नाहीत. मी ती हाक नीट रेकॉर्ड केली आणि तिथेच बसून पोटभर रडले.

दुपारी ऑफिसमधून दादाला फोन केला. हाक पाठवली म्हणून सांगितलं, त्या दिवशीच्या बोलण्याची माफी मागितली आणि नियम मोडल्याचंही सांगून टाकलं.

"मग?" त्याने विचारलं. "कुणी वळून पाहिलं?"

"कुणी नाही. एकाला जांभई आली."

दादा हसला. बाबा गेल्यावर त्यांच्या विषयावर तो पहिल्यांदाच हसला.

"बाबा त्या पिल्लांचे कुठे आहेत, दादा," मी म्हटलं. "आपले आहेत. गेममध्ये राहिले काय नि न राहिले काय."

पलीकडे खुर्ची करकरली. आता हा फोन ठेवणार, असं मला वाटलं.

"आत्ता आहे तुझ्याकडे?"

"आहे."

"लाव."

मी कॉम्प्युटरवर फाईल उघडली आणि फोन स्पीकरला लावून धरला. चार सेकंद झाले. दादा नाक ओढत होता, मला स्पष्ट ऐकू येत होतं.

"परत लाव," तो म्हणाला.