तातेरावाची लहर

परतूरच्या भीमनगरातल्या महिला मंडळात नऊ बायका होत्या आणि नऊजणींत मिळून गळा एकच, असं सत्यशीलाचं मत होतं. तो गळा अर्थात तिचा. हे तिनं कधी बोलून दाखवलं नाही, पण तिच्या तोंडाकडे पाहिलं की कळायचंच. लांबवलेला सूर तिच्या गळ्यात हलायचा, विहिरीत बादली टेकल्यावर पाणी हलतं तसा. लोक म्हणायचे, तातेरावाची लहर पोरीत उतरली.

तातेराव म्हणजे तिचा बाप, गायनपार्टीतला नावाजलेला गवई. त्याला जाऊन सहा वर्षं झाली होती. पेटी चुलत्यानं नेली, फोटो तर कधी काढलाच नव्हता. उरली ती लहर, आणि सत्यशीला ती जिवापाड जपायची.

१९९१ साल बाबासाहेबांच्या शंभराव्या जयंतीचं. जालन्याला, मस्तगडात गाण्यांचा कार्यक्रम ठरला आणि परतूरच्या मंडळाला समूहगीताचं बोलावणं आलं. गीत बसवत होत्या शाळेतल्या मालनबाई. तालमीच्या तिसऱ्या दिवशी त्यांनी टाळी वाजवून गाणं थांबवलं.

"सत्यशीला, तुझा आवाज मिसळूनच न्हाई राह्यला. आठ जणी एकीकडं, तू एकीकडं. सूर सरळ धर. लहर बिलकुल नको."

"बाई, गळाच तसाय माझा."

"मंग गळ्याला सांग!"

बायका फिदीफिदी हसल्या. सत्यशीलाला ते चांगलंच झोंबलं. तिनं सरळ सूर लावून पाहिला, पण तो आवाज तिला परक्या बाईचा वाटला. बापाची शेवटची वस्तूही आता मागायला लागले, या विचारानं तिचे डोळे भरले. मंडळ सुटलं तर सुटू दे, लहर सोडायची नाही, असं ठरवूनच ती तिथून निघाली ती थेट वसंताकाकाच्या दारात गेली. तातेरावाशेजारी उभं राहून वीस वर्षं कोरस दिलेला हा माणूस. काका बाजेवर बसून शेंगा फोडत होता.

"काका, तुमीच सांगा मालनबाईला. आबाची लहर हाय ही."

काकानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तू लहानपणी कुठं बसायचीस गं, कार्यक्रमाला?"

"म्होरं. आबाच्या अगदी समोर."

"म्हणून तुला त्याचं एकट्याचंच ऐकू आलं. मी बाजूला व्हतो. कडवं एकटा म्हणायचा तवा लहर. पण आमी धृपद उचललं, की त्याच दमाला तो लहर खाली ठिवायचा. सरळ सूर. मी एकदा इचारलं, तातेराव, असं कामून करतो? तर म्हणला, माझा सूर हलून राह्यला तर तू धरशील कशाला? लोकायनं तुझंबी ऐकावं ना." काकाचा हात शेंगांवरच थांबला. "माझा गळा काय व्हता, पोरी? निस्ता पत्रा. पण तालुक्यात लोकं मला गवई म्हणले."

सत्यशीला बराच वेळ टरफलं गोळा करत बसली. मग घरी गेली.

दुसऱ्या दिवशी तालमीला तिच्या शेजारी नंदाबाई उभी होती. वीटभट्टीवर कामाला जाणारी, बुटकी, सुराला बिचकणारी बाई. सत्यशीलानं श्वास जरा कमी सोडला, सूर धरला आणि हलू दिला नाही. एरवी तिसऱ्या ओळीला चुकणारी नंदाबाई आज चुकली नाही. इतके दिवस ती बिचारी हलत्या सुराला धरायला जायची आणि घसरायची, हे सत्यशीलाला तेव्हा कळलं. तिला स्वतःचीच लाज वाटली.

मस्तगडात माइक एकच होता. नंदाबाई सगळ्यांत बुटकी म्हणून मालनबाईंनी तिलाच पुढे उभं केलं. गीत सुरू झालं आणि नऊ तोंडांतून एकच आवाज निघाला. त्यात आपला कोणता, हे सत्यशीलाला सापडेना. क्षणभर ती घाबरली. मग शोधायचं सोडून नुसती गात राहिली.

खाली उतरल्यावर हसनाबादची चतुराबाई नावाची एक म्हातारी गर्दीतून वाट काढत आली. तिनं थेट नंदाबाईचा हात धरला.

"तातेरावाची पोरगी परतूरच्या पार्टीत हाय म्हणले. तूच ना? मी लई ऐकलं त्याला. बराबर बापाचा सूर घेतला गं बाई!"

नंदाबाईचा चेहरा उतरला. आजवर तिच्या गाण्याला कुणी बरं म्हटलं नव्हतं, आणि आता म्हटलं तेही तिला दुसरी समजून. तिनं चोरासारखं सत्यशीलाकडे पाहिलं.

सत्यशीला पुढे सरकली. 'ती नव्हे, मी,' हे शब्द अगदी ओठांवर आले होते.

"हो आजी," ती म्हणाली, "तातेरावाचाच सूर हाय."

म्हातारीनं नंदाबाईवरून हात ओवाळून कडाकडा बोटं मोडली. नंदाबाई रडायला लागली, आणि सत्यशीला तिच्या पाठीवर हात ठेवून म्हातारीचं कौतुक संपेपर्यंत तिथंच उभी राहिली.