तीन शेर चिन्नोर

तिसऱ्या घरी साहेब पोचला, पण तांदूळ पोचला नव्हता.

नंदाबाईने साहेबाला पाणी दिलं. तो प्यायला. तिने पुन्हा दिलं. भला माणूस, तेही प्यायला. तिसरा गडवा पुढे आला तेव्हा मात्र त्याने तराजू उचलून दाखवला.

"बाई, पाणी नाही तोलायचं. आज चुलीवर जे चढेल ते आणा."

"आनते ना जी. घाई कायले करता? लेकरं किती तुमाले?"

"दोन."

"पोट्टे का पोट्टी?"

साहेब उत्तर देतो आहे तोवर मागच्या वाडीच्या कुंपणावरून एक दुरडी आत आली आणि दुरडीमागे धुरपता आली. तिचा पदर बोरीच्या काट्यात अडकला होता. सोडवायला सवड नव्हती, म्हणून त्यातला थोडा तिने काट्यालाच देऊन टाकला. नंदाबाईने दुरडी घेतली आणि आत्ताच आठवण झाल्यासारखा चेहरा करून साहेबापुढे ठेवली.

तीन शेर. पांढराशुभ्र, अखंड चिन्नोर, तिकडचा वासाचा तांदूळ. साहेबाने तोलला, कागदावर लिहिला आणि उठला. तो पुढच्या दाराने चौथ्या घराकडे निघाला, तांदूळ मागच्या दाराने.

सन सत्तावन्नचा भादवा होता. केशोरीहून कोसभर आतला, चाळीस घरांचा टोला. बांधावर उभं राहिलं तर नजर जाईल तिथवर धान पोटरीवर आलेलं, आणि घरात मडकं खरवडलं तर हाताला मडकंच लागायचं. इथली माणसं किती खातात हे सरकारला हवं होतं. ते विचारून कळण्यासारखं नव्हतं. या गावात 'जेवला का?' या प्रश्नाला 'जेवलो' हे एकच उत्तर होतं. परवापासून चूल पेटली नसली तरी 'जेवलो'. याला कुणी खोटं म्हणत नसे. रामरामाला रामराम म्हणतात, तसंच हे. म्हणून सरकारने विचारणं सोडून तोलायचं ठरवलं. गोंदियाहून गोवर्धनबाबू नावाचा साहेब तराजू घेऊन आला आणि छापील आकड्यांच्या तक्त्यावरून त्याने सतरा घरं निवडली. तक्त्याची गावात कुणाशीच ओळख नसल्यामुळे निवड निःपक्ष झाली.

साहेब येणार कळल्यावर भैयाजी पाटलांनी चावडीत लोकांना गोळा केलं होतं.

"उद्या सरकार तुमच्या गंजात डोकावून पाहणार हाय," पाटील म्हणाले. "भुक्कड गाव म्हणून नाव निघालं तं पोरींले सोयरीक कोन आनन? गावाची इज्जत थे माही इज्जत. तांदूर मी देतो."

लोकांना भरून आलं. पाटलांनी दिले तीन शेर. सतरा घरांत मिळून. गावाची इज्जत तीन शेरात भागते म्हटल्यावर जास्त देणं उधळपट्टीच झाली असती.

दुरडी वाहायचं काम धुरपताकडे आपोआप आलं. पाटलांचं धान कांडायला ती बावीस वर्षं जात होती. नवरा गेला त्याच्या तेराव्यानंतर पहिल्यांदा मुसळ हातात घेतलं, ते अजून खाली ठेवलं नव्हतं. कांडायचं, पाखडायचं, एकेक खडा वेचायचा, अख्खा दाणा पाटलांच्या कोठीत आणि चुरी आपल्या ओटीत. चिन्नोर शिजला की त्याचा वास गावभर फुकट मिळायचा. चवीचा मात्र तिला काही अनुभव नव्हता.

चौथं घर झालं, पाचवं झालं. पुढच्या गल्लीतून साहेब चाले, शेजारी पाटील छत्री धरून चालत. मागच्या वाड्यांतून धुरपता पळे, तिच्यावर छत्री धरायला कुणी नव्हतं. सहावं घर कवडूबाबाचं. बाबा सत्तरीचा, एकटा, आणि त्याच्या तोंडात एकच दात, तोही त्याला काही मदत करीत नसे.

साहेबाने तांदूळ तोलला. मग बाबाकडे पाहिलं. मग पुन्हा काटा पाहिला.

"बाबा, घरात माणसं किती?"

"मी हावो ना."

"आणि आज शिजवणार तीन शेर?"

कवडूबाबाने पाटलांकडे पाहिलं. पाटलांनी आभाळाकडे पाहिलं.

"भूक लागते ना बापू," बाबा म्हणाला. "भादव्यात जराशी जास्तच लागते."

साहेबाने लिहिलं. त्याच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. सरकारी नोकरीत चेहरा कोरा ठेवायची सवय होते. मग तो पाटलांना म्हणाला, "पाटीलजी, आपलं गाव तो कमाल आहे. जिथं माणशी अर्ध्या शेराच्या खाली येतं, तिथं सरकार स्वस्त धान्याचं दुकान देणार आहे. इथं दुकानाची जरूरतच काय? तुमचे बुढेच तीन-तीन शेर खातात."

"देवाची कृपा," पाटील म्हणाले.

कुडाच्या भिंतीपलीकडे धुरपता दुरडीची वाट पाहत उभी होती. तिने हे सगळं ऐकलं.

भादव्यात धान संपलं की गावाला एकच दार होतं, पाटलांच्या कोठीचं. तिथून एक पायली आणायची आणि नवं धान आलं की दीड परत न्यायची. ती वरची अर्धी पायलीही धुरपतानेच कांडलेली होती. दुकान आलं असतं तर त्या दारासमोर कोण उभं राहिलं असतं? सकाळपासून आपण डोक्यावर गावाची इज्जत नेतो आहोत असं ती समजत होती. नेत होती ते दुकान. एकेक घर करत, गावाबाहेर.

तरी पुढच्या तीन घरी तिने दुरडी पोचवली, कारण पायांना अजून कुणी काही सांगितलं नव्हतं. दहावं घर तिचं होतं.

तिथे तिचा सासरा मंगरू खाटेवर बसला होता. त्याने दुरडीत डोकावून पाहिलं आणि विचारलं, "कोनाचं लगन होय वो?"

"कोनाचं नाही, मामाजी. तुमी गप बसा."

साहेबाने तोललं. तीन शेर. माणसं दोन. लिहिलं आणि उठला. पाटलांनी छत्रीच्या टोकाने मागच्या दाराकडे खूण केली. धुरपताने दुरडी उचलली आणि चुलीजवळच्या मोठ्या गंजात उपडी केली. वर पाणी ओतलं.

पाटलांच्या हातातली छत्री खाली आली.

"धुरपते, का करून राहिली वो?"

"धुवून राहिली जी."

"कायले?"

"चुलीवर चढवाले. साहेबानं लिहिलं ना, आज हे चढन म्हणून. सरकारी कागद खोटा पडाव का?"

"अवो, पन तो तांदूर माहा होय!"

साहेब दारातून मागे वळला. सकाळपासून त्याने पहिल्यांदाच पेन्सिल कानावर ठेवली.

"आपका? मग या बाईच्या नावावर कसा चढला? आणि तुमचाच असेल तर..." तो कागद चाळू लागला. "...तर आधीची नऊ घरं पण पाहावी लागतील, पाटीलजी. दुरडी मला तिसऱ्या घरापासून ओळखीची वाटते आहे. पण माझं काम काट्यावर येईल ते लिहायचं. दुरडी तोलायचं काम मला दिलेलं नाही."

उरलेल्या सात घरच्या बायका कुंपणाला लागून उभ्या होत्या, कारण त्यांचा तांदूळ त्या गंजात भिजत होता.

पाटलांनी घसा साफ केला. "माहा म्हंजे... माह्या वावरातला. हाय तिचाच."

"झालं तर मग," धुरपता म्हणाली आणि तिने चूल फुंकली.

अकराव्या घरी निर्मलाबाईने साहेबाला पाणी दिलं नाही. घरात होतं ते आणून काट्यात टाकलं: पावशेर चुरी आणि तरोट्याच्या भाजीचा एक भारा.

"एवढंच?" साहेबाने विचारलं.

"सहा जनं हावो. लिहा. पाटील तिकडून कुंपनावरून काऊन पाहून राहिले माह्याकडं? त्याइले का मी लेकरं दाखवू?"

बाराव्या घरी पेजेचं गाडगं निघालं, तेराव्या घरी मूठभर लाखोळीची डाळ आणि मोहफुलं. चौदाव्या घरी काही निघालं नाही. तेही साहेबाने तोललं, नियमाप्रमाणे. रिकामं पारडं वर राहिलं आणि त्याने शून्य लिहिलं. सतरावं घर झालं तेव्हा गल्लीत काठी टेकत कवडूबाबा आला.

"ए बापू, माहा कागद काढ. तीन शेर खोडून टाक."

"बाबा, तुम्हीच तर म्हणालात."

"म्हनालो. रोज तीन शेर खाल्ले असते तं मी असा दिसलो असतो का? पाटलासारखा दिसलो असतो. खोड."

त्याच्यामागे नंदाबाई होती आणि नंदाबाईमागे आधीच्या नऊपैकी बाकीची सात घरं, ज्याच्या त्याच्या हातात ज्याचं त्याचं मडकं. छापील कागदावर खोडायला रकाना नव्हता. गोवर्धनबाबूने आंब्याखाली तराजू पुन्हा टांगला आणि नवे कागद काढले. ते कागद वर गेल्यावर काय होईल हे त्यालाही ठाऊक नव्हतं, आणि त्याने तसं सांगितलंही. तरी कुणी रांग सोडली नाही. ज्या गावात कुणी कधी 'जेवलो नाही' म्हटलं नव्हतं, ते गाव भर दुपारी रांगेत उभं राहून तेच म्हणत होतं, आणि मागचा पुढच्याला सांगत होता, मोठ्यानं बोल ना बे.

पाटील धुरपताच्या अंगणातून हलले नव्हते.

"गावाची इज्जत चुलीत घातली तू," ते म्हणाले. "उद्यापासून माह्या आंगनात पाय नको ठेवू."

धुरपताचा हात क्षणभर थांबला. चुरी गेली. बावीस वर्षांचं काम गेलं. म्हातारा खाटेवर होता, आणि असे भादवे अजून बरेच यायचे होते.

"बरं जी," ती म्हणाली. "मुसर तुमचं तिकडंच हाय. कोनी उचललं तं उचललं."

भात शिजला होता. वास रस्त्यावर गेला, आंब्याखाली गेला, आणि रांगेतल्या माणसांनी एकेक करून मान वळवली. धुरपताने पळसाची पानं मांडली. मामाजीला वाढलं, कवडूबाबाला हाक मारून बसवलं, निर्मलाबाईच्या लेकरांना वाढलं, दोन घास साहेबापुढेही ठेवले. आणि गंजात भात असतानाच तिने आपलं पान घेतलं. त्या घरात ती नेहमी सगळ्यांच्या मागून खायची, खायला असलं तर. आज ती सासऱ्याच्या शेजारी, पाटलांच्या समोर, मांडी घालून बसली.

पहिला घास तिने सावकाश चावला.

"कसा लागते वो?" मंगरूने विचारलं.

ती मध्येच थांबली. तोंडात बोट घालून तिने बारीकसा खडा बाहेर काढला आणि उजेडात धरून पाहिला. बावीस वर्षांत आपल्या हातून एवढा एक सुटला म्हणायचा. तिने तो पानाच्या कडेला ठेवला आणि दुसरा घास घेतला.